बुध्याच्या कमरेचे भोपळे : अर्थ सांगणारे तुम्ही कोण?

धडगावकर : काल कोणीतरी लिहिलं की नंदुरबार जिल्ह्यातल्या काठी गावची राजवाडी होळी म्हणजे प्रल्हादाचीच गोष्ट, उंच बांबू म्हणजे धर्मध्वज अन् त्या होळीत नाचणाऱ्या बुध्याच्या कमरेचे भोपळे म्हणजे सुफलनाचं प्रतीक. डोकं फिरलं म्हणून लिहितोय. बुध्या नवसासाठी होतात. माझा काका पोरगं आजारातून उठलं म्हणून झाला, खाटेवर बसणं बंद, स्वतःचं स्वतः रांधायचं, अंगावर राखेचे ठिपके, डोक्याला मोरपिसांचा टोप, कमरेला वाळलेले भोपळे अन् घुंगरं. पाळणी मोडली तर पोराचं वाईट होईल या धाकात होता माणूस. त्याच्या तोंडून प्रल्हाद कधी ऐकला नाही.

शहाद्याचे सर : प्रल्हाद चूक, मान्य. पण करणाऱ्याला सगळा अर्थ ठाऊक असतो असं कुठाय? आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीला नारळच का मांडता विचारलं तर आई म्हणते पहिल्यापासून मांडतो. म्हणून अभ्यासच करायचा नाही का?

धडगावकर : करा ना, पण काकाला विचारून करा. तुमच्या कानबाईचा अर्थ आम्ही धडगावात बसून सांगितला तर तिच्या नैवेद्याचे रोट गोड लागतील का?

तळोद्याची ताई : प्रतीकं राहू द्या हो, देवापुढे सोडतात त्या मोहाच्या दारूच्या धारेवर कोणी बोलत नाही. देवाला थेंबभर, बाकी पोटात. माझा बाप असाच गेला.

मोलगीचा भाऊ : ताई, देवमोगऱ्याला याहा मोगी देवीपुढे टोपलीत नवं धान्य अन् मोहाची नेतात. आधी धार जमिनीवर, मग माणसाला. तो मान आहे. माणसं मारते ती दुकानातली.

तळोद्याची ताई : मोहाचीच होती! घरी गाळलेली, भट्टीला लाकडं मीच लावायचे. मला शिकवू नका.

मोलगीचा भाऊ : शिकवत नाही. पण तुमच्या घरचं दुःख देवाच्या माथी का मारता? भगत धार सोडतो तेव्हा पूर्वजांची नावं घेतो, ती बंद करून काय कोल्ड्रिंक ओतायचं?

तळोद्याची ताई : पाणी ओता. माझ्या आजीने शेवटी पाणीच ओतलं, कोणता देव कोपला?

जळगावचा : तुमचं चालू द्या, पण होळी पेटायच्या आधी पहाटे डोक्यावर ड्रोन घोंगावतात, बुध्याला हाताला धरून सेल्फीसाठी थांबवतात, त्यावर बोला ना भो.

धडगावकर : त्यावर बोलायला वेगळी रात्र लागेल. सर, एक सांगा, सरदार सरोवर धरणात आपल्या जिल्ह्यातली ३३ गावं बाधित झाली, माणसांना प्लॉट मिळाले, शिवेवरचा वाघदेव कुठल्या प्लॉटवर बसवायचा? तो त्या डोंगराचा, त्या शिवेचा. प्रतीक असता तर दुसरा दगड शेंदूर लावून चालला असता.

शहाद्याचे सर : हा मुद्दा बरोबर आहे, नाइलाजाने मानतो. सुफलनाचं मात्र सोडणार नाही.

धडगावकर : नका सोडू. ‘आदिवासी असं मानतात’ लिहू नका, ‘मला वाटतं’ लिहा.

तळोद्याची ताई : अन् माझ्या पाण्याचं उत्तर अजून कोणी दिलं नाही.