वाचनालयाची व्याख्यानमाला ऑनलाइन: झूम की यूट्यूब, आणि रेकॉर्डिंग कसं करायचं?

कार्यवाह_वाचनालय
यंदाची व्याख्यानमाला ऑनलाइन ठरली आहे. नोव्हेंबरचे पहिले तीन शनिवार, संध्याकाळी ७:३०. दुसऱ्या शनिवारचे वक्ते न्यू जर्सीहून बोलतील. श्रोते दीडशे-दोनशे, बहुतेक साठीपुढचे आणि मोबाइलवर ऐकणारे. रेकॉर्डिंग संग्रहात ठेवायचंय. झूमचं फुकट खातं आणि एक लॅपटॉप एवढंच हाताशी आहे. वेबिनारचा वेगळा परवाना घ्यावा का?

कळफलक
परवाना नको. श्रोत्यांना झूममध्ये घेऊच नका. झूममध्ये फक्त वक्ता, सूत्रसंचालक आणि तांत्रिक बाजू बघणारा एक जण. बाकी सगळे यूट्यूब लाइव्हवर. दीडशे आजी-आजोबांचे माइक बंद करत बसणं हे स्वतंत्र काम आहे, आणि यूट्यूबची लिंक दाबली की झालं, पासवर्डची भानगड नाही.

फुकट झूम ४० मिनिटांनी तुटतं, म्हणून एका महिन्यापुरतं प्रो घ्या. मग वेबसाइटवरच्या सेटिंग्जमध्ये लाइव्ह स्ट्रीमिंग चालू करून यूट्यूब निवडा. चॅनलवर पूर्वी कधी लाइव्ह केलं नसेल तर फोन नंबर पडताळल्यावर परवानगीला २४ तास लागू शकतात. हे व्याख्यानाच्या दिवशी दुपारी कळलं की पळापळ होते. तिन्ही लाइव्ह आधीच शेड्यूल करा, म्हणजे लिंक निमंत्रणपत्रिकेत छापता येते.

सुरुवातीला सनईची किंवा सिनेमाच्या गाण्याची रेकॉर्ड लावू नका. कॉपीराइटच्या दाव्यात यूट्यूब चालू प्रक्षेपण मध्येच थांबवू शकतं. शांतता बरी, नाहीतर आपल्याच माणसाकडून दोन मिनिटं पेटी वाजवून घ्या. त्या वेळी पेटीवाल्याच्या झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू हवा, नाहीतर झूम पेटीचे सूर गोंगाट समजून गाळतं.

प्रश्नांचं गणित वेगळं. यूट्यूबवर चित्र वीस-तीस सेकंद उशिरा पोचतं. सूत्रसंचालकाने ‘काही प्रश्न?’ विचारून लगेच ‘नाहीत वाटतं’ म्हणू नये. दोन प्रश्न आधीच हाताशी ठेवावेत.

माइकवाला
वरचं सगळं बरोबर, पण यूट्यूबच्या चॅटवर विसंबू नका. त्यात लिहायला खातं लागतं आणि या वयातली मंडळी तिथे फारशी लिहीत नाहीत. प्रश्नांसाठी एकच व्हॉट्सअ‍ॅप नंबर ठेवा आणि तो पडद्याच्या खालच्या पट्टीत सतत दिसू द्या.

आता आवाज. चित्र अडखळलं तर लोक सोसतात, आवाज फुटला की निघून जातात. ब्लूटूथ इअरफोन वक्त्याला देऊ नका: त्याचा माइक चालू झाला की तो हँड्सफ्री मोडमध्ये जातो आणि आवाज टेलिफोनसारखा होतो. वायरचा साधा कॉलर माइक पुरतो. घेताना पिनेवरच्या काळ्या रेघा मोजा. मोबाइलच्या किंवा लॅपटॉपच्या एकाच सामाईक खाचेसाठी तीन रेघांची पिन लागते. दोन रेघांची कॅमेऱ्यासाठी असते, ती लावली तर लॅपटॉप मुकाट्याने स्वतःचाच माइक वापरत राहतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. तपासायचं तर माइकवर नखाने टकटक करा, झूमच्या ऑडिओ सेटिंगमधली आवाजाची पट्टी उडाली पाहिजे.

माइक हनुवटीखाली वीतभर. जरीच्या पदराला लावला तर प्रत्येक हालचालीला खरखर येते, सुती कापडावर येत नाही. डोक्यावरचा पंखा बंद.

कार्यवाह_वाचनालय
उपयोगी! पण आमच्याकडे वीज कधीही जाते. रेकॉर्डिंग तेव्हा वाचेल का?

कळफलक
एकाच ठिकाणी असेल तर नाही. तीन ठिकाणी करा.

पहिलं झूमच्या क्लाउडवर. दुसरं यूट्यूबवर आपोआप राहतं, प्रक्षेपण १२ तासांपेक्षा कमी असलं की पुरे. तिसरं लॅपटॉपवर ओबीएसमधून (पडदा आणि आवाज रेकॉर्ड करणारं फुकट सॉफ्टवेअर), आणि तिथे फाइलचा प्रकार एमकेव्ही ठेवा. एमपी४ अर्धवट तुटली की बहुतेक वेळा उघडतच नाही. एमकेव्ही तुटली तरी तिथपर्यंतचं शाबूत राहतं. नंतर ओबीएसमध्येच ‘रीमक्स’ने एमपी४ करता येते. २५०० केबीपीएसला (हा ओबीएसमधला रेकॉर्डिंगचा वेग, म्हणजे बिटरेट) तासाला साधारण १.२ जीबी लागतात, तेवढी जागा आधी बघून घ्या.

फायबरच्या दोन्ही डब्या इन्व्हर्टरवर हव्यात. पुष्कळदा राउटर जोडलेला असतो आणि भिंतीवरची छोटी डबी राहून जाते. झूमचा सहयजमान (को-होस्ट) दुसऱ्या घरात, दुसऱ्या कंपनीच्या नेटवर बसवा. तुमचं नेट गेलं तर सूत्रं त्याच्याकडे जातात. मात्र लॅपटॉपवरचं झूमचं रेकॉर्डिंग तेवढ्यात थांबतं, म्हणून क्लाउड सांगितलं.

परदेशस्थ_श्रोता
न्यू जर्सीच्या वेळेकडे नीट बघा. तिथली घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे एक तास मागे जातात. ऑक्टोबरात तालीम केली तर तुमचे ७:३० म्हणजे त्यांचे सकाळचे १०. दुसऱ्या शनिवारी त्याच ७:३० ला तिथे ९ वाजलेले असतील. वक्ते तालमीच्या सवयीने १० ला आले तर इकडे ८:३० झालेले असतील. ‘सकाळी ९, न्यू जर्सी’ असं त्यांच्या वेळेत लिहून पाठवा, आणि घड्याळं बदलल्यावर आठवड्यात एकदा परत आठवण करा.