मदत हवी आहे: कोंबड्यांचं खाद्य परवडेना, अंडी विकतच आणावीत का?

खुराडेवाली

नमस्कार मंडळी. परसात आठ कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. पाच कोंबड्या तीन वर्षांच्या, तिघी दीड वर्षाच्या. संकरित आहेत, म्हणजे विकताना 'भरपूर अंडी देतात' असं सांगून दिलेल्या.

आधी नुसतं लेअर खाद्य (अंड्यावरच्या कोंबड्यांसाठीचं तयार खाद्य) घालत होते. 50 किलोचं पोतं बरोबर महिनाभर जायचं आणि रोज सरासरी पाच अंडी मिळायची. खर्च फार होतोय म्हणून दोन महिन्यांपासून निम्मं खाद्य आणि निम्मा मक्याचा भरडा असं मिसळते. पोत्यामागे पैसे वाचतायत, पण आता अंडी मिळतात रोज तीनच. त्यातही टरफल इतकं पातळ की परवा एक अंडं उचललं तर त्यात अंगठाच रुतला.

नवऱ्याचं म्हणणं, या पैशात दुकानातली अंडी येऊन वर उरतील. सासूबाईंचं म्हणणं, "आमच्या वेळी कोंबड्यांना खाद्य विकत आणायचं कुणाच्या डोक्यातही आलं नसतं." मी मधल्यामधे. हिशेब नेमका कसा मांडायचा? आणि खाद्यावरचा खर्च खरंच कमी करता येतो का? खुराड्याचा खर्च धरू नका, तो केव्हाच विसरले.

---

पावशेर

ताई, पोत्याचा हिशेब सोडा, अंड्याचा धरा.

अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण 110 ते 120 ग्रॅम खाते, म्हणजे वर्षाला 42 किलोच्या आसपास. तिने वर्षाला 250 अंडी दिली तर एका अंड्यामागे 168 ग्रॅम खाद्य, म्हणजे किलोला सहा अंडी. तीच कोंबडी 150 वर आली तर एका अंड्यामागे 280 ग्रॅम, किलोला जेमतेम साडेतीन. ती खाते तेवढंच, देते कमी.

आता दुकानात जा. एक किलो खाद्याच्या पैशात किती अंडी येतात ते बघा. तो आकडा तुमच्या किलोमागच्या अंड्यांपेक्षा कमी असेल तर तुम्ही फायद्यात, जास्त असेल तर नवरोबा बरोबर. एवढंच गणित आहे, ते कुठल्याही भावाला चालतं.

पण मला तुमचा दुसराच आकडा खटकतोय. नऊ पक्षी गुणिले 115, म्हणजे दिवसाला एक किलोला थोडं वर. 50 किलोचं पोतं 48 दिवस जायला हवं, तुमचं 30 दिवसांत संपतं. महिन्याला 19 किलो खाद्य जातं कुठे?

---

ढगाळ

उंदीर.

---

खुराडेवाली

उंदीर नाहीत हो. मांजर आहे घरात. एकही दिसलेला नाही आजवर.

---

ढगाळ

दिसत नाहीत तेच हुशार असतात. मांजर काय करते रात्री? झोपते ना?

---

पावशेर

वाद घालण्यापेक्षा वजन करा. कोंबडी अंधारात खात नाही, ती आंधळ्यासारखी दांडीवर बसून असते. तेव्हा सूर्य मावळला की खाद्याचं भांडं स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन लिहून घ्या आणि पुन्हा जागेवर ठेवा. उजाडायच्या आत परत तोला. जे कमी भरेल ते कोंबड्यांनी खाल्लेलं नाही. उंदीर दिवसाला 15 ते 30 ग्रॅम खातो, वर नासाडी आणि लेंड्या वेगळ्या. पाच उंदीर म्हणजे एक बिनअंड्याची कोंबडी पाळल्यासारखं.

---

मातीचे_पाय

वजन कराच, पण मक्याचंही बोलू या, कारण माझ्या मते अंडी तिथेच बुडाली.

लेअर खाद्यात प्रथिनं 16 ते 18 टक्के असतात आणि कॅल्शियम साधारण 4 टक्के. मक्यात प्रथिनं साडेआठ टक्क्यांच्या आसपास, कॅल्शियम जवळपास नाहीच. निम्मं निम्मं केलंत की प्रथिनं 13 च्या खाली आणि कॅल्शियम 2 वर आलं. एका टरफलात दोन ग्रॅमच्या वर कॅल्शियम लागतं आणि ते टरफल चढायला वीसेक तास जातात. खाद्यातून मिळालं नाही तर कोंबडी स्वतःच्या हाडातलं काढून देते, ते सरत आलं की अंडं पातळ होतं, मग बंदच. तुमचा अंगठा रुतला तो यामुळे.

आता पैशाचं. मका खाद्याच्या निम्म्या भावाने मिळाला असं धरा. मिश्रणाचा खर्च आला पाऊण. अंडी मात्र पाचाची तीन झाली, म्हणजे साठ टक्के. पाऊण भागिले साठ टक्के करा: अंडं सव्वापट महाग पडतंय. पोतं स्वस्त झालं आणि अंडं महाग झालं.

मका वाईट नाही. संध्याकाळी मूठभर टाका, कोंबड्या खुराड्यात गोळा होतील. पण असं वरचं सगळं मिळून एकूण खाण्याच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा.

---

अर्धवट_शेतकरी

मी घरीच खाद्य बनवायचा उद्योग करून बसलोय, म्हणून सांगतो. 100 किलोत मका 55-60, सोयाबीन पेंड 22-25, थोडा कोंडा, चुनखडीची भुकटी 8-9 आणि वर जीवनसत्त्व-खनिजांचं मिश्रण. कागदावर स्वस्त पडतं. पण ते शेवटचं मिश्रण लागतं इतकं थोडं की फावड्याने कितीही खालीवर केलं तरी एका घमेल्यात सगळं आणि दुसऱ्यात काहीच नाही असं होतं. त्यात आठ कोंबड्यांसाठी 100 किलो केलंत तर संपेपर्यंत कुबट वास येतो. पन्नासेक कोंबड्या असतील तर या वाटेला जा, आठांसाठी नको.

आणि पेंड नसेल तर कच्चं सोयाबीन भरडून घालू नका. त्यात प्रथिनं पचू न देणारं द्रव्य असतं, ते भाजून किंवा शिजवूनच जातं. मी हा शहाणपणा केलाय. महिनाभर अंडी लिंबाएवढी येत होती.

---

निवांत

मी स्पष्टच बोलतो. मी बंद केलं. सहा कोंबड्या होत्या, दीड वर्ष वही ठेवली. दिवस लहान झाले की अंडी कमी (त्यांना 14 ते 16 तास उजेड लागतो), पिसं झडायला लागली की दोन-तीन महिने शून्य, मधेच एखादी खुडूक बसली (अंडी द्यायचं थांबवून उबवायला बसली) की ती गेली. खाद्य मात्र बारा महिने. दुकानाला अंडी पुरवणाऱ्यांच्या कोंबड्या वर्षाला 300 च्या पुढे देतात आणि दीड-दोन वर्षांत बदलल्या जातात. आपण म्हाताऱ्या सांभाळतो. त्या शर्यतीत आपण नाही. आवड म्हणून पाळा, बचत म्हणून नको.

---

मातीचे_पाय

निवांत, पटलं. पण ताईंचे 19 किलो सापडू द्या, मग ठरवू.

---

मोगरी

ताई, सासूबाईंना म्हणावं, तुमचंही खरं आहे. तेव्हाच्या गावरान कोंबड्या दिवसभर उकिरडा उकरायच्या, किडे, गांडुळं, सांडलेलं धान्य, सगळं फुकट. पण अंडीही वर्षाला साठ-सत्तर, एकदा पंधरा घातली की खुडूक. खर्च नव्हता आणि अपेक्षाही नव्हती. संकरित कोंबडीला तसं सोडलं तर ती आधी हाडं झिजवते आणि मग थांबते.

पालेभाजीचे देठ, साली जरूर घाला, पण त्यात 85-90 टक्के पाणी. किलोभर हिरवं म्हणजे 100-150 ग्रॅमच सुकं. कोंबडीच्या गळ्यातली पिशवी तेवढ्याने भरते आणि कामाचं खाणं राहून जातं. अझोला या पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पतीचंही तेच. सुकवल्यावर वीस टक्क्यांच्या वर प्रथिनं भरतात म्हणून लोक कौतुक करतात, पण ओला अझोला म्हणजे नव्वद टक्क्यांच्या वर पाणी. बुरशी आलेलं धान्य मात्र स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. त्यातलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष यकृत खातं.

---

खुराडेवाली

ढगाळ, तुमची माफी मागते.

परवा दिवेलागणीला भांडं तोललं: 1240 ग्रॅम. पहाटे साडेपाचला: 930. काल रात्री पुन्हा केलं, 290 ग्रॅम गायब. मग बॅटरी घेऊन भांड्यामागची फळी सरकवली, तर खाली मुठीएवढं भोक आणि त्याच्या तोंडाशी भरड्याचा छोटा ढीग, जणू कुणी नीट वाटणी करून ठेवलाय. मांजर माझ्या शेजारी उभं राहून जांभई देत होतं.

दुसरं. भांड्याखालचा भुसा चाळणीने चाळला. एका दिवसाचा 210 ग्रॅम दाणा निघाला. चोचीने पसरवून फक्त मक्याचे कण वेचतात आणि पीठ खाली पाडतात. रात्रीचे 300 आणि सांडलेले 210 म्हणजे दिवसाला अर्धा किलो. पावशेरांच्या 19 किलोंपैकी 15 सापडले. उरलेले चार?

---

पावशेर

उरलेले चार कोंबड्यांच्याच पोटात असतील. प्रथिनं कमी पडली की त्या जास्त खाऊन भरून काढायला बघतात.

आता एवढं करा. भांडं एक तृतीयांशच भरा. त्याची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला येईल असं टांगा, मग तिला मान घालून खाता येतं पण उकरता येत नाही. पीठ निवडून टाकत असतील तर पेलेट (खाद्य दाबून केलेल्या गोळ्या) घ्या किंवा खाद्य पाण्याने ओलसर करून तासाभरात संपेल एवढंच घाला. भांडं रात्री झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. भोक बुजवायच्या आधी रात्रीचं खाणं बंद करा, नाहीतर दुसरं पाडतात. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, जिला लागेल ती खाईल, कोंबड्याला नकोच असतो. पिल्लं आणलीत कधी तर त्यांना मात्र लेअर खाद्य देऊ नका. वाढत्या वयात एवढं कॅल्शियम मूत्रपिंडाला बाधतं.

आणि पाणी! खाद्याच्या दुप्पट पितात. अर्धा दिवस भांडं कोरडं राहिलं तर अंड्यावर परिणाम होतो.

---

खुराडेवाली

सात आठवड्यांनी लिहितेय, धागा वर काढल्याबद्दल क्षमस्व.

पुन्हा नुसतं लेअर खाद्य, पेलेटच्या रूपात. भांडं टांगलं, रात्री डब्यात. पोतं 45 दिवस गेलं. अंडी तीनावरून आधी चार, आता चार-पाच. टरफल घट्ट आहे, फोडताना टक्क आवाज येतो. किलोमागे आधी तीन अंडी मिळायची, मक्याच्या दिवसांत दोनच्याही खाली गेली होती, आता चार मिळतात. दुकानात विचारून आले. आमच्याकडे सध्या नवऱ्याचा आणि माझा सामना बरोबरीत सुटतोय. नवरा म्हणतो, बरोबरी म्हणजे माझा विजय, कारण खुराडं मी झाडत नाही.

एक शेवटचं. पाच म्हाताऱ्यांपैकी कोण अंडी देत नाही ते ओळखायचं कसं?

---

मोगरी

संध्याकाळी दांडीवर बसल्या की एकेक हातात घ्या. शेपटीखाली दोन टोकदार हाडं लागतात. त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं मावली तर ती देतेय, एकच मावलं तर बंद. तुराही बघा. देणारीचा लालबुंद आणि मऊ, न देणारीचा फिका, सुकलेला. पिसं झडत असतील तर घाई करू नका, दोन महिन्यांनी परत बघा.

---

खुराडेवाली

पाहिलं. चौघींची दोन बोटं. एकीचं एकच, तुरा फिका, पिसं मात्र शाबूत. ती नेमकी सासूबाईंची. रोज दुपारी त्यांच्या पायाशी येऊन बसते आणि त्या तिला नावाने हाक मारतात. तिचे 42 किलो मी वहीत सासूबाईंच्या खात्यावर टाकलेत.