सिअ‍ॅटलच्या पावसाळी हिवाळ्यात परडीभर फुलं हवीत: कॅमेलिया तपकिरी, डॅफ्नी मेली

रेंटनची चिपळूणकर

नमस्कार मंडळी. सिअ‍ॅटलजवळ रेंटनला राहते, घरामागे लहानशी बाग आहे. यंदा सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्यात. मार्गशीर्षातले गुरुवार त्यांनी इथेही केले. डहाळ्या जमल्या, फुलं मात्र दुकानातून आणावी लागली. त्या काही बोलल्या नाहीत. पण रोज सकाळी परडी घेऊन मागच्या दारात उभ्या राहतात आणि तशाच आत येतात. मला ते बघवत नाही.

पावसाचं मला नवल नाही. चिपळूणला पावसाळ्यात तीन हजार मिलीमीटरच्या वर पडतो, आणि तेरडा, सोनटक्का, अनंत सगळे त्यातच फुलतात. पण तिथे सर येते, जांभ्यावरून पाणी निघून जातं, मध्येच लख्ख उघडीप मिळते. इथे वर्षाचा सगळा मिळून हजारभर मिलीमीटर, पण नोव्हेंबर ते मार्च नुसती भुरभुर. डिसेंबरात साडेचारलाच अंधार. माती कधी सुकतच नाही.

पांढऱ्या फुलांच्या कॅमेलियाच्या झुडपाला यंदा ४१ कळ्या आल्या होत्या, मोजल्या होत्या मी. निम्म्याहून जास्त मिटलेल्याच गळाल्या. उमलल्या त्यांच्या पाकळ्या दोन दिवसांत तपकिरी. आणि डॅफ्नी, ते सुगंधी फुलांचं झुडूप! गेल्या फेब्रुवारीत तिचा वास घेतला आणि राहवलं नाही, घेऊन आले. हातभर खोल खड्डा खणून खाली भरपूर कंपोस्ट घालून लावली. नोव्हेंबरात पानं लोंबली, आठवड्यात झाड गेलं. त्याआधीचीही अशीच गेली होती. नर्सरीत बुरशीनाशक फवारा म्हणाले. फवारू का?

विलामेटकाठचा माळी

ताई, फवारणी राहू द्या. पोर्टलंडला सतरा वर्षं याच पावसात बाग करतोय, तुमच्यासारख्याच दोन डॅफ्नी मीही घालवल्यात.

तुमच्या भागात बऱ्याच ठिकाणी वरच्या मातीखाली हिमनदीने दाबून बसवलेला कठीण थर असतो. त्यात खोल खड्डा खणून मऊ कंपोस्ट भरलं की टाकी तयार होते. आजूबाजूचं पाणी त्यात उतरतं, बाहेर पडायला वाट नाही, मुळं कुजतात. फूटभर खणून बघा, तळाला पाणी दिसेल. डॅफ्नी खड्ड्यात नाही, उंचवट्यावर लावायची. तिथलीच माती आणि बारीक खडी यांचा वीतभर उंच ढीग करा, पूर्वेकडचं ऊन मिळेल अशी जागा बघा. बुंधा मातीत गाडू नका आणि एकदा लावली की हलवू नका, मुळांना धक्का लागलेला तिला सोसत नाही.

कॅमेलियाचं दुखणं मला हिवाळ्यातलं वाटत नाही. त्याच्या कळ्या उन्हाळ्यात धरतात, आणि इकडे जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस जवळजवळ नसतोच. तेव्हा मुळं सुकली की झाड कळ्या धरून ठेवत नाही, त्या डिसेंबरात गळतात आणि दोष पावसाला जातो. तुम्ही ऑगस्टमध्ये पाणी घालत होता का? पाकळ्यांचं म्हणाल तर पांढऱ्या फुलावर पावसाचा आणि थंडीचा डाग लगेच दिसतो. तरी एक फूल उलटं करून देठाकडची हिरवी टोपी काढा. आत करडी-पांढरी कडी दिसली तर बुरशी आहे. मग पडलेलं प्रत्येक फूल उचलून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. ती बुरशी मातीत कित्येक वर्षं टिकते.

परडीसाठी ससान्क्वा जातीचा कॅमेलिया लावा. 'यूलटाइड' नावाचा मिळतो: लाल एकेरी फूल, मध्ये पिवळेजर्द केसर, नोव्हेंबरपासून फुलतो, म्हणजे बरोबर तुमच्या मार्गशीर्षात. त्याच्या पाकळ्या सुट्या गळतात, तपकिरी गोळे झाडाला लटकून राहत नाहीत. एकदा आईंना सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन पार्क आर्बोरेटम या वृक्षोद्यानातल्या विट विंटर गार्डनला घेऊन जा. जानेवारीत विच हेझल नावाच्या झुडपाच्या नागव्या फांद्यांवर पिवळ्या दोऱ्यांसारखी फुलं असतात, आणि माहोनियाच्या झुडपांवर हमिंगबर्ड हे चिमुकले पक्षी येतात.

व्हँकुव्हरची आजी

माळीबुवांनी नीट सांगितलंय, मी थोडीच भर घालते. हेलेबोर लावा, हिवाळ्यात फुलणारं बुटकं झाड आहे. जुनी पानं डिसेंबरात कापली की फुलं मोकळी दिसतात. मान खाली घालून असतात, म्हणून मी नुसती फुलं खुडून परातीत पाण्यावर तरंगत ठेवते. चांगली टिकतात. पण हेलेबोर आणि डॅफ्नी दोन्ही विषारी आहेत हो. घरात लहान मूल असेल तर परात उंचावर ठेवा, आणि नैवेद्याच्या ताटात यांचं फूल पडू देऊ नका.

वासासाठी सारकोकोका, हे सदाहरित झुडूप. फूल दोऱ्याएवढं, पण दार उघडलं की आधी वासच येतो. सावलीत, वळचणीखालीही राहतं.

रेंटनची चिपळूणकर

दोघांचे खूप आभार. शनिवारी मेलेली डॅफ्नी उपटली. खड्ड्यात पाणी होतं, आणि मुळं बोटांत चिरडली. टोपी काढून तीन फुलं पाहिली, कडी कुठेच नाही. आणि हो, ऑगस्टमध्ये आम्ही तीन आठवडे भारतात होतो. पाणी घालायला कोणी नव्हतं.

सारकोकोका कुंडीत आणून मागच्या दाराशी ठेवलंय. आई काल संध्याकाळी दार उघडून तिथेच थांबल्या. "जाई नाही, जुई नाही, मग काय गं हे?" म्हणाल्या. आज त्यांनी त्याचा एकच तुरा खुडला आणि देवीपुढे ठेवला.

'यूलटाइड'ची जागा ठरली, उंचवटा करायला खडी आणलीय. आई मार्चमध्ये परत जातील. त्यांनी कालनिर्णयचं ऑगस्टचं पान आत्ताच उघडून दर रविवारी आणि बुधवारी लिहून ठेवलंय: कॅमेलियाला पाणी.