सुभेदार काकांविषयी आणखी थोडे

काका घरी लढाईविषयी अवाक्षरही काढत नसत, हे सुभेदार काकांवरच्या लेखात आपण लिहिलेत ते अगदी खरे आहे. डिसेंबर 1971 मध्ये मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनने, म्हणजे जंगी पलटणीने, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातले (आताच्या बांगलादेशातले) जमालपूर घेतले तेव्हा ते तिच्यात होते, एवढेच आम्हा शेजाऱ्यांना ठाऊक होते. मला आठवतात ते निवृत्तीनंतर खानापूरला परतलेले काका: संधिवाताने काकूंची बोटे आखडल्यावर रोज पहाटे स्वतः चूल पेटवणारे (आमच्याकडच्या पावसाळ्यात ओली लाकडे पेटवणे सोपे नसते) आणि मग उंबऱ्याशी बसून, बुटांच्या नाड्या आवळाव्यात तितक्या नेटकेपणाने, काकूंची वेणी घालून देणारे. मुलीच्या परीक्षेला ते बेळगावपर्यंत सोबत जात आणि पेपर सुटेपर्यंत कट्ट्यावर ताठ बसून राहत. काल काकूंची वेणी मुलीने घातली.