विजापूर एका दिवसात, गाईड किंवा टूर घ्यावी का? लवकर मदत हवी आहे

सोलापूरची_लेक
नमस्कार मंडळी. पुढच्या आठवड्यात बाबांना विजापूर दाखवायला न्यायचंय. कालपासून तीन ठिकाणी फोन केले, एक म्हणतो आमची टूर घ्या सगळं दाखवतो, दुसरा म्हणतो तिथे गेल्यावर गाईड मिळेल, तिसरा फोनच उचलत नाही. मला एवढंच सांगा, एका दिवसात सगळं बघून होतं का, गाईड घ्यावा का आणि सुरुवात कुठून करायची. बुकिंग आज-उद्यात करायचंय, त्यामुळे प्लीज लवकर.

भीमाकाठ
कुठून निघणार? किती जण? गाडी स्वतःची की रेल्वेने? हे न सांगता काय सांगणार.

रानवाटा_७७
गाईडची अजिबात गरज नाही. स्टेशनला उतरायचं, टांगा करायचा, टांगेवाल्याला सगळं गाव पाठ असतं. मी चार वेळा गेलोय, चारही वेळा टांगा. गोल घुमट, जामा मशीद, गगन महाल, बारा कमान (अर्धवट राहिलेला मकबरा), उपली बुरूज, मलिक-ए-मैदान तोफ, ताज बावडी, इब्राहिम रोझा. पूर्वेकडून सुरू करून पश्चिमेला संपवायचं, उलटसुलट फिरावं लागत नाही.

दगडवेडी
टांग्याचं कौतुक मान्य, पण टांगेवाला दारात सोडतो, आत काय बघायचं ते सांगत नाही. इब्राहिम रोझाला मी पहिल्यांदा गाईडशिवाय गेले आणि वीस मिनिटांत बाहेर आले. दुसऱ्यांदा एका वयस्कर गाईडबरोबर दोन तास होते. खिडक्यांच्या दगडी जाळ्या दिसतात ना, त्या नुसती नक्षी नाहीयेत, अक्षरं आहेत, कुराणातल्या आयती कोरून आरपार काढल्यात, आणि आतून उजेडाकडे तोंड करून उभं राहिलं की मगच वाचता येतात असं त्यांनी दाखवलं. मूळ ही जागा ताज सुलताना राणीसाठी बांधायला घेतली होती आणि पुढे दुसरा इब्राहिम आदिलशहा स्वतःही तिथेच विसावला. बांधणाऱ्याचं नाव मलिक संदल. ज्या राजाने संगीतावर किताब-ए-नौरस लिहिलं त्याची कबर वीस मिनिटांत उरकायची का? गाईड घ्याच.

सोलापूरची_लेक
सोलापूरहून निघणार, आयडीतच आहे की. भावाची गाडी आहे. आम्ही पाच जण, बाबा, मी, नवरा, दोन मुलं (११ आणि ७). आता सांगा.

भीमाकाठ
गाडी असेल तर सोपं. साधारण १०० किमी आहे, दोन तास धरा. सकाळी पाचला निघालात तर सातपर्यंत गोल घुमटला पोचता, आणि तिथे सकाळी लवकर जाणं हे बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाचं. नऊनंतर सहली यायला लागतात, मग वरच्या सज्जात शंभर पोरं एकदम ओरडतात आणि कुजबुज ऐकायची म्हणून आलेला माणूस कानावर हात ठेवून खाली येतो. आम्ही साडेसहाला गेलो होतो, वर फक्त आम्ही चौघं. बायकोने समोरच्या भिंतीशी तोंड नेऊन अगदी हळू माझं नाव घेतलं, ते मला पलीकडे कानाशी बोलल्यासारखं ऐकू आलं. एक टाळी वाजवली की सात-आठ वेळा परत येते, मुलांना मोजायला लावा.

मास्तर_सांगली
गाईड घेतलात तर एक गोष्ट कानावर पडेल, "जगातला दुसऱ्या नंबरचा घुमट". मुलांना सोबत नेताय म्हणून सांगतो, हे तपासून घ्या. गोल घुमटाचा आतला व्यास साधारण ३८ मीटर आहे. रोमच्या पॅन्थिऑनचा ४३ च्या वर, सेंट पीटरचा ४१ च्या वर. ४४ मीटर म्हणून जो आकडा सांगतात तो बाहेरचा.

रानवाटा_७७
मास्तर, आपल्या वास्तूला कमी लेखायची काय गरज आहे?

मास्तर_सांगली
कमी कुठे लेखतोय? खरं मोठेपण वेगळंच आहे, ते सांगायचं राहून जातं. खाली चौकोनी दालन, बाजू सुमारे ४१ मीटर, आणि मधे एकही खांब नाही. चौकोनावर गोल घुमट बसवायचा कसा? आठ कमानी एकमेकींना छेदत वर नेल्यात, म्हणजे दोन चौकोन एकमेकांवर तिरके ठेवल्यासारखं. त्यातून वर आठ कोन तयार होतात आणि त्यावर घुमट टेकतो. एका घुमटाखाली सलग झाकलेली जमीन मोजली तर ती पॅन्थिऑनपेक्षा जास्त भरते. अकरा वर्षांच्या मुलाला कागदावर दोन चौकोन काढायला सांगा आणि मग वर बघायला सांगा, त्याला नीट कळेल. मी दर वर्षी वर्गात हे करून घेतो.

दगडवेडी
हे फार छान सांगितलंत. मी लिहून घेतेय.

कोथरूडकर
मलिक-ए-मैदान तोफेबद्दल कुणी काहीच बोललं नाही म्हणून लिहितो. ही तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली, म्हणजे मुळात निजामशाहीची. तिथून परांड्याच्या किल्ल्यात गेली आणि १६३२ मध्ये मुरार जगदेवाने परांड्याहून विजापूरला नेली. हा मुरार जगदेव म्हणजे तोच, ज्याने पुणं जाळून गाढवाचा नांगर फिरवला. वजन सुमारे ५५ टन. तोंडाशी सिंहाचा जबडा कोरलाय आणि जबड्यात हत्ती चिरडला जातोय. १८५४ मध्ये इंग्रजांनी ती चक्क लिलावात १५० रुपयांना विकली होती, नंतर व्यवहार रद्द केला म्हणून वाचली. आपल्या नगरची तोफ आहे, प्रत्येक मराठी माणसाने बघितली पाहिजे.

सोलापूरची_लेक
माहिती छान आहे पण मी विचारलं ते राहिलंच. टूर की गाईड की काहीच नको? आणि वर चढायला लिफ्ट वगैरे आहे का?

भीमाकाठ
लिफ्ट? कुणासाठी? ताई तुम्ही अजून काहीतरी सांगितलं नाहीये.

सोलापूरची_लेक
बाबांसाठी. त्यांच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरा दुखतो. वय ७४. सपाटीवर चालतात काठी घेऊन.

कानडी_सून
ताई हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं हो. मी माहेरची पंढरपूरची, लग्न होऊन विजापुरात आले त्याला एकोणीस वर्षं झाली, पाहुणे आले की फिरवायचं काम माझ्याकडेच असतं. लिफ्ट नाही. चारही कोपऱ्यांत सात मजली मनोरे आहेत, त्यातूनच जिना वर जातो, अरुंद आहे, पायऱ्या उंच आहेत आणि आत अंधार. वर गच्चीवर निघायचं आणि मग दारातून सज्जात शिरायचं. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याने अजिबात चढवू नका, चढतील एक वेळ, उतरताना हाल होतात. माझ्या सासऱ्यांना एकदा नेलं होतं, चौथ्या मजल्यावर बसून राहिले, मागे पुढे माणसं अडकली.
खालचं दालन मात्र ते आरामात बघू शकतात. मधे चौथरा आहे त्यावर मोहम्मद आदिलशहा, त्याच्या बेगमा, दरबारातली नर्तकी रंभा, मुलगी, नातू यांच्या कबरी आहेत, खऱ्या कबरी त्याच्या खाली तळघरात. आणि वर कुणी बोललं की खालीही घुमतं, कुजबुज नाही कळणार पण टाळी आणि हाक कळते.

रानवाटा_७७
मग वर जायचंच नसेल तर विजापूरला कशाला नेताय? त्यापेक्षा बदामी-पट्टदकल न्या, पट्टदकलला सगळं सपाटीवर आहे.

दगडवेडी
त्यांनी बदामी विचारलं का? बदामीच्या गुहांना काय कमी पायऱ्या आहेत?

सोलापूरची_लेक
बदामी नको. बाबा पाचवीत असताना शाळेची सहल विजापूरला गेली होती. आजोबांकडे पैसे नव्हते म्हणून ते गेले नाहीत. परत आलेल्या मुलांनी महिनाभर वर्गात टाळ्या वाजवून "सात वेळा ऐकू आलं" म्हणून सांगितलं, ते त्यांना अजून आठवतं. नंतर मिलमध्ये नोकरी, आम्ही तिघं भावंडं, शंभर किलोमीटरवर असून कधी जमलंच नाही. म्हणून तिथेच न्यायचंय. वर जाता येत नसेल तर तसं, पण न्यायचंय.

मास्तर_सांगली
मग नक्की न्या. मी माझं आधीचं सगळं बाजूला ठेवून सांगतो, बाबांना खाली चौथऱ्याजवळ बसवा, बरोबर कुणीतरी थांबा, आणि मुलांना वर पाठवून तिथून टाळी वाजवायला सांगा. पण गर्दी नसताना. सातच्या आत.

भीमाकाठ
वार कुठला आहे?

सोलापूरची_लेक
शुक्रवार. नवऱ्याला त्या दिवशी सुट्टी आहे.

कानडी_सून
अगंबाई, शुक्रवार! हे पण आधी सांगायचं ना. गोल घुमटासमोर नगारखान्यात म्युझियम आहे, ते शुक्रवारी बंद असतं. आणि जामा मशिदीत दुपारी नमाज असते, त्या वेळात बघायला जाऊ नये, बरं दिसत नाही आणि नीट बघताही येत नाही. शक्य असेल तर गुरुवार करा.

भीमाकाठ
मी म्हणतो शुक्रवारच ठेवा. शनिवार-रविवारपेक्षा गर्दी कमी असते. म्युझियम राहिलं तर राहिलं. जामा मशीद दहाच्या आत बघून घ्या. जमिनीवर नमाजासाठी एकेका माणसाच्या जागा आखल्यात, दोन हजारांच्या वर, त्या औरंगजेबाने आखून घेतल्या असं सांगतात.

कानडी_सून
वडीलधाऱ्या माणसाला म्युझियममध्येच बसायला, सावलीला मिळतं, म्हणून म्हणतेय. त्यांची एवढ्या वर्षांची इच्छा आहे तर एक दिवस इकडे-तिकडे करता येतो.

खाऊगल्ली
जेवायचं काय ठरवलंय? कुठल्याही साध्या खानावळीत जोळद रोटी (ज्वारीची भाकरी), एण्णेगाई (भरली वांगी), शेंगाचटणी आणि दही मिळेल. सोलापूरच्या माणसाला घरचंच वाटेल, कडक भाकरी तीच. येताना शेंगाहोळिगे (शेंगांची पोळी) बांधून घ्या, चार दिवस टिकते.

सोलापूरची_लेक
जेवणाचं नव्हतं विचारलं पण धन्यवाद, बाबांना शेंगाचटणी लागतेच. नवऱ्याशी बोलले, गुरुवारी रजा टाकतोय. आता गाईडचं शेवटचं सांगा, मी टूरवाल्याला नाही म्हणू का? तो म्हणतो सकाळी नऊला निघू.

दगडवेडी
नऊला निघणारी टूर म्हणजे अकराला गोल घुमट, ऐन गर्दीत. नाही म्हणा. मीही अशा एका टूरमध्ये गेले होते, इब्राहिम रोझाला संध्याकाळी पोचलो आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. गाईड मात्र घ्या, फक्त दोन ठिकाणी, गोल घुमट आणि रोझा. गळ्यात ओळखपत्र असलेला बघा, किती वेळ आणि किती पैसे हे आत शिरायच्या आधी ठरवा.

कानडी_सून
आणि त्याला आधीच सांगा की आजोबांबरोबर खालीच थांबून बोलायचं. नाहीतर तो मुलांबरोबर वर जातो आणि बाबा एकटे बसतात. मराठी समजणारे पुष्कळ आहेत, सोलापूर-सांगलीचे लोक रोज येतात. हिंदी तर सगळ्यांनाच येते. तिकीट दोन्हीकडे वेगळं, १५ वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. उपली बुरुजावर बाबांना नेऊ नका, बाहेरून गोल जिना आहे, जवळजवळ २४ मीटर उंच. मुलं जाऊ देत, वरच्या लांब तोफा त्यांना आवडतील.

रानवाटा_७७
तोपर्यंत बाबांना टांग्यातून एक चक्कर मारा. हे तरी माझं ऐका.

कोथरूडकर
अफझलपूरला जाणार का? साठ कबरी आहेत तिथे. प्रतापगडावर निघण्याआधी खानाने बायकांना मारलं अशी दंतकथा सांगतात.

भीमाकाठ
कोथरूडकर, सात वर्षांचं मूल आहे बरोबर. आणि तिकडे उन्हात चालायचं कोणी.

---

सोलापूरची_लेक
धागा वर काढतेय, कारण इतक्या जणांनी वेळ दिला. काल जाऊन आलो.

पावणेसातला पोचलो, फाटकाशी आमच्याशिवाय एकच कुटुंब. गाईड मिळाले, साठीचे, मराठी चांगलं. कानडी_सून ताईंनी सांगितल्याप्रमाणे आधीच बोलून घेतलं, ते पूर्ण वेळ बाबांजवळ थांबले. मास्तरांचे दोन चौकोन मुलाने गाडीत काढले होते, तो कागद घेऊन आत फिरत होता आणि गाईडकाकांनाच समजावून सांगत होता.

मी मुलांना घेऊन वर गेले. धाकटीने टाळी वाजवली, आम्ही मोजली, नऊ वेळा आली असं ती म्हणते, मला सात वाटली. मग तिने "आबा" म्हणून हाक मारली. खाली बाबा चौथऱ्याच्या कडेला काठीवर हात ठेवून बसले होते, त्यांनी मान वर केली आणि बराच वेळ तशीच ठेवली. खाली आल्यावर म्हणाले, "सगळी नाही मोजता आली, पण पाच ऐकली." नंतर शहरात फिरताना दोनदा तेच सांगितलं.

दुपारी मलिक-ए-मैदान. कोथरूडकर, तुमच्यामुळे तिथे गेलो, नाहीतर सोडून देणार होतो. बाबा मिलमध्ये फिटर होते हे मी इथे लिहिलंच नव्हतं. माझा हात धरून सावकाश चढले, बोटाच्या पेराने तोफेवर टकटक केलं तर घंटेसारखी वाजली. ऊन तापलं होतं तरी हाताला गार लागत होती. मग अर्धा तास तिथून हलले नाहीत. साडेचारशे वर्षांपूर्वी एवढं मोठं ओतीव काम कसं केलं असेल, साचा कसा धरला असेल, हे नवऱ्याला समजावत होते. मी त्यांना इतकं बोलताना आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

रोझा पाच वाजता बघितला, दगडवेडी म्हणतात तशी अक्षरं आतूनच दिसली. बारा कमान राहिली, बाबा थकले. टांगा केला, रानवाटा.

रानवाटा_७७
केलात ना. बरं वाटलं.

कानडी_सून
बारा कमानीसाठी परत या, माझ्या घरी उतरा. तिथे फारशा पायऱ्या नाहीत. व्यनि (खासगी निरोप) केलाय.

नवीन_सभासद_सातारा
आम्हीपण आईला घेऊन जाणार आहोत, व्हीलचेअर आहे. गोल घुमटाच्या आत जाते का?

कानडी_सून
दालनात शिरायला थोड्या पायऱ्या आहेत, दोघांनी उचलावी लागेल. वार आणि वेळ आधी सांगा.