मदत हवी आहे: टीबी प्रतिबंधक गोळ्या आत्ता सुरू कराव्यात की मासेमारी बंदीपर्यंत थांबावं?

मंडळी, माझा धाकटा भाऊ रत्नागिरीत ट्रॉलरवर खलाशी आहे. चार वर्षांपासून एआरटी (एचआयव्हीचं औषध) चालू, डोल्युटेग्रॅविरवाली एकच गोळी रात्री. व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) सापडत नाही, सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी) ४१०. बोटीच्या केबिनमध्ये ज्याच्या शेजारी झोपायचा, त्या खलाशाचा बेडका टीबीसाठी पॉझिटिव्ह आला.

भावाला खोकला, ताप, रात्रीचा घाम काही नाही, वजनही तेवढंच. एक्स-रे साफ. एआरटी सेंटरने आयसोनियाझिड (टीबी प्रतिबंधक गोळी) सहा महिने आणि सोबत बी-६ जीवनसत्त्व लिहून दिलंय. गोळ्यांचं पाकीट आणलंय, अजून फोडलेलं नाही.

अडचण लिव्हरची. एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) ५८ आलं, थोडं वाढलेलं. दारू दोन महिन्यांपासून बंद आहे (खरंच बंद, बाटल्या मीच मोजते). बोट गेली की दहा-बारा दिवस किनारा दिसत नाही. मध्येच डोळे पिवळे झाले, उलट्या लागल्या तर तांडेल (बोटीचा प्रमुख) काय करणार? बंदी १ जूनपासून, म्हणजे अजून सात आठवडे. तेवढं थांबणं मला धोक्याचं वाटतं.

आठवड्यातून एकदा, एकूण बारा डोसांचा रिफापेंटिनचा (टीबी प्रतिबंधाचंच दुसरं औषध) कोर्स असतो, तो डोल्युटेग्रॅविरबरोबर चालतो असं वाचलंय. डॉक्टरांची तारीख सोमवारी आहे, तिथे काय विचारायचं तेच ठरवतेय. नाव-गाव मात्र विचारू नका.

एसजीपीटी थोडं वाढलेलं असताना कोणी यातलं काही घेतलंय का? लिव्हरची तपासणी किती दिवसांनी करायला सांगितली होती? आणि बारा डोसांचा कोर्स सरकारी सेंटरवर मागून मिळतो का?