शब्दचर्चा: 'महाराणीचा हार' म्हणजे नक्की कोणाचा? (घातलेला, दिलेला, खासगीतला, मोडलेला)

दौतलेखणी

मंडळी, बडोद्याच्या गायकवाडांच्या दागिन्यांवरच्या एका लेखाला फोटोओळी लिहायचं काम अंगावर घेतलंय आणि एका षष्ठीच्या प्रत्ययावर गाडी अडलीय. तो सातपदरी मोत्यांचा हार ऐकून माहीत असेलच. त्यातलेच टपोरे मोती निवडून केलेला दोन पदरांचा, ६८ मोत्यांचा हार २००७ मधे न्यूयॉर्कला ख्रिस्टीजच्या लिलावात सुमारे ७१ लाख डॉलरला गेला. आता बातम्या बघा, एकात 'बडोद्याच्या महाराणीचा हार', दुसरीत 'सीतादेवींचा हार', तिसरीत नुसतं 'शाही दागिना' (हा शब्द मला मुळात आवडत नाही, शाही म्हटलं की पनीर आठवतं). यातलं बरोबर काय?

मराठीत 'चा' फार ढिला आहे. अमकीचा हार म्हणजे तिच्या मालकीचा, की तिने घातलेला, की तिच्यामुळे गाजलेला, काहीच कळत नाही. आणि इथे तर सगळा वाद तेवढाच आहे. हे जवाहीर मुख्यतः एकोणिसाव्या शतकातले बडोद्याचे राजे खंडेराव महाराज यांनी जमवलेलं. ब्राझीलमधे १८५३ साली सापडलेला 'स्टार ऑफ द साउथ' हिरा, १२८ कॅरटच्या वरचा, तोही त्यांनीच घेतला. मोत्यांचा सातपदरी हार तर महाराजांच्याही गळ्यात असायचा, बायकी दागिना नव्हताच तो. पुढे बडोद्याचे महाराज प्रतापसिंहरावांनी १९४३ मधे सीतादेवींशी दुसरं लग्न केलं, तेही आजोबांनीच, म्हणजे सयाजीरावांनी, संस्थानात द्विभार्याबंदीचा कायदा केलेला असताना. बाई १९४६ पासून मोनॅकोत राहायला गेल्या आणि जामदारखान्यातलं (राजाच्या तिजोरीतलं) बरंच काही त्यांच्याबरोबर गेलं. १९४९ च्या मे महिन्यात बडोदं मुंबई राज्यात विलीन झालं, १९५१ मधे प्रतापसिंहरावांची गादी गेली, १९५६ मधे घटस्फोट, पण दागिने तिकडेच.

तर माझी अडचण 'घालणे' या क्रियापदाची आहे. आपल्याकडे 'सुनेला दहा तोळे घातले' म्हणजे दिले. तिचे झाले, स्त्रीधन. आणि 'तिने दहा तोळे घातले होते' म्हणजे फक्त अंगावर होते, उद्या सासूच्या कपाटात परत जातील. 'ला' आणि 'ने' एवढाच फरक. सीतादेवींना घातले की सीतादेवींनी घातले? दोन्ही वाक्यं लिहून बघतोय आणि दोन्हींत कोणाची तरी बाजू घेतल्यासारखं होतंय.

सराफकट्टा

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक पेढीवर येऊन 'विकायचाय' असं सहसा म्हणतच नाही. 'मोडायचाय' म्हणतं. मोड म्हणजे जुना डाग देऊन पैसे घेणं पण मोड आणि त्याच सोन्याचा नवा दागिना घडवणं पण मोडच, टंच (सोन्याची शुद्धता) बघायचा, घट काढायची, घडणावळ (घडवायची मजुरी) लावायची, संपलं. जुन्या बायका तर अजून 'डाग'च म्हणतात, 'अंगावर एक डाग राहिला नाही बाई'.

सीतादेवींच्या बाबतीत हाच शब्द चपखल बसतो राव, कारण त्यांनी दोन्ही केलं. पॅरिसच्या व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्सकडून १९५० च्या सुमाराला पाचू-हिऱ्यांचा कमळांचा हार करून घेतला, खडे घरचेच. म्हणजे विकला नाही, मोडला. एकदा नग कोंदणातून सुटला की तो कुठल्या हाराचा होता हे सांगायला आमच्यासारख्याला पण वजनाची जुनी नोंदच लागते. मोती तर त्याहून वाईट, पटवेकऱ्याने (दागिने दोऱ्यात गाठवणाऱ्याने) दोरा कापून दुसऱ्या क्रमाने गाठवले की सातपदरी हार होता याचा पुरावा काय उरतो? म्हणून फोटोओळीत 'विकला' लिहिण्याआधी बघा, विकला की मोडला.

वऱ्हाडी मी

बडोद्याचं ठीक आहे, पण आमच्या नागपूरच्या भोसल्यांचं कोणी काढत नाही. तिसरे रघुजी डिसेंबर १८५३ मधे वारले, वारस नाही म्हणून गव्हर्नर जनरल डलहौसीने राज्य खालसा केलं, आणि मग जवाहीर कोणाचं यावर राण्यांचं आणि कंपनी सरकारचं जुंपलं. सरकारचं म्हणणं, दौलतीच्या (म्हणजे राज्याच्या) पैशातून घेतलं ते दौलतीचं, राजाचं स्वतःचं नाही. राणी बांकाबाईंनी विरोध केला, पण हत्ती-घोडे-बैल सीताबर्डीला लिलावात गेले आणि जडजवाहीर कलकत्त्याला नेऊन विकलं. त्या पैशातून मग घराण्याला पेन्शनीसाठी 'भोसला फंड' काढला, म्हणजे त्यांचंच विकून त्यांनाच उपकार म्हणून द्यायचं. आता सांगा बाप्पा, याला विक्री म्हणायचं का? काहून की विकणारा मालक असावा लागते. आमच्या घरी याला लूटच म्हणतात.

माझा मुद्दा असा की 'खासगी' हा शब्द आपण आज प्रायव्हेट म्हणून वापरतो, खासगी शाळा, खासगी बस. पण जुन्या कागदात खासगी म्हणजे एक वेगळं खातं असायचं.

दौतलेखणी

@वऱ्हाडी मी, अगदी हेच शोधत होतो. होळकरांचं उदाहरण सगळ्यात स्वच्छ आहे. १७३४ मधे मल्हाररावांनी पेशव्यांकडून बायको गौतमाबाईंच्या नावाने वेगळी जहागीर लावून घेतली, तिचं नाव खासगी. दौलत वेगळी, खासगी वेगळी. अहिल्याबाईंनी देशभर घाट-देवळं बांधली ती या खासगीतून असं सांगतात. आणि गंमत म्हणजे ती खासगी आज कोणाची यावर इंदूरच्या खासगी ट्रस्टचं प्रकरण थेट २०२२ मधे सुप्रीम कोर्टात निघालं, आणि ठरलं काय, तर ट्रस्ट सार्वजनिक! बडोद्याला याच खात्याला 'खानगी' म्हणत, खानगी कारभारी वगैरे.

संस्थानं विलीन होताना हाच जुना फरक करारात इंग्रजीतून परत आला. राजाची खासगी मालमत्ता त्याच्याकडे, संस्थानची मालमत्ता सरकारकडे, राजाने याद्या करून द्यायच्या. म्हणजे प्रश्न 'महाराणीचा की नाही' असा नसून, हार विलीनीकरणाआधी कुठल्या यादीत होता असा आहे.

घाटावरचा

जामदारखाना शब्द सगळे सरसकट वापरतायत म्हणून एक पिन टोचतो. जामदारखाना मुळात कपड्यांचा, जामा म्हणजे अंगरखा. रत्नांचा तो जवाहीरखाना. सभासदाच्या बखरीच्या परंपरेत शिवाजी महाराजांचे अठरा कारखाने (सरकारी कोठारं-खाती) सांगतात त्यात दोन्ही वेगळे आहेत. पुढे मौल्यवान वस्त्रं आणि दागिने एकत्र ठेवू लागले (पोषाख द्यायचा तर शेला आणि शिरपेच बरोबरच निघायचे) आणि जामदारखाना म्हणजे राजाची तिजोरी असा अर्थ रूढ झाला. चूक कोणाची नाही, पण हिऱ्यामोत्यांबद्दल लिहिताना जवाहीरखाना लिहिलं तर जास्त नेमकं.

आणि पायातल्याबद्दल कोणीच बोललं नाही! आपल्याकडे सोनं पायात घालत नाहीत, कमरेखाली चांदी. राजघराण्याला मात्र चालतं. सीतादेवींच्या पायातले हिरे-पाचूंचे तोडे न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने १९५३ मधे घेतले, त्याचा गळ्यातला हार करून विंडसरच्या डचेसला (इंग्लंडची गादी सोडलेल्या आठव्या एडवर्डच्या बायकोला) विकला. पुढे १९५७ च्या एका बॉलमधे डचेस तो घालून आली, सगळे वाहवा करतायत, तर सीतादेवी म्हणाल्या की हो, माझ्या पायात पण छान दिसायचे. डचेसने हार परत करून टाकला असं सांगतात. मला यातलं मराठी शब्दांचं बघा, 'पायातले' गळ्यात घातले हे आपल्याला ऐकताक्षणी कळतं, समजावून सांगावं लागत नाही.

ठेवणीतली

मी मराठवाड्यातली, आमचे आजोबा निजामी राजवटीतले म्हणून एवढीच भर घालते. निजामाने १९५१-५२ मधे दागिन्यांचे ट्रस्ट केले, म्हणजे खासगी म्हणून कागदावर पक्कं केलं, आणि शेवटी खूप कोर्टबाजी होऊन १९९५ मधे भारत सरकारने १७३ दागिने २१८ कोटींना विकत घेतले, जेकब हिरा धरून. इथे 'विकत घेतले' हाच शब्द बरोबर, कारण सरकारने पैसे मोजले म्हणजे मालकी मान्य केली. नागपूरला मोजले नाहीत, नुसते नेले. दोन्हीकडे सरकारच, पण क्रियापद वेगळं.

बाकी @सराफकट्टा, 'हिरकणी' पण तुमच्याच कट्ट्यावरची ना? हिरकणी खाऊन जीव दिला असं म्हणायचे पूर्वी. मल्हारराव गायकवाडांवर १८७४ मधे इंग्रजांचे रेसिडेंट (दरबारातले प्रतिनिधी) कर्नल फेअर यांच्या सरबतात सोमल (आर्सेनिक) आणि हिऱ्याची पूड घातल्याचा आरोप झालाच होता, चौकशी मंडळात एकमत झालं नाही तरी गादी गेलीच, आणि कवळाण्याचा गोपाळ दत्तक येऊन सयाजीराव झाला.

सराफकट्टा

हिरकणी म्हणजे हिऱ्याची बारीक कणी. पूड खाऊन माणूस मरतो का ते डॉक्टरांना विचारा, त्या सरबतात खरं काम सोमलाचं.

दौतलेखणी

आता फोटोओळ अशी करतोय: 'बडोदे जवाहीरखान्यापैकी सातपदरी मोत्यांचा हार, सीतादेवींच्या गळ्यात'. 'पैकी' मोडी कागदांतून उचललाय, खासगीपैकी, दौलतीपैकी असं असायचं त्यात. मालकीचा दावाही नाही आणि लपवाछपवीही नाही. लिलावातल्या फोटोला 'त्याच मोत्यांतून गाठवलेला दोनपदरी हार', सराफांचा शब्द वापरून. संपादकबाई 'पैकी' जुनाट वाटतो म्हणतायत, बघू.

घाटावरचा

जुनाट नाही, 'यापैकी कोणतेही तीन प्रश्न सोडवा' लिहितोच की आपण. पण सातपदरी का, सातसरी का नाही? मोत्यांचे सर असतात, पदर मोहनमाळेला. आमच्याकडे तरी.

ठेवणीतली

आमच्याकडे मोत्यांना पण पदरच. आणि हैदराबादी शेजारणी सतलडा म्हणतात.